मडगावच्या फलाटापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत

रस्त्यावर सापडलेल्या मुलाचा पत्ता मिळाला की बहुतेकांना वाटतं, झालं काम. आता तिकीट काढायचं, गाडीत बसवायचं आणि आईच्या हाती सोपवायचं. खरं तर पत्ता मिळाला की काम सुरू होतं. मूल ज्या घरातून निघालं तिथं काय बिघडलं होतं हे न बघता त्याला परत पाठवलं, तर काही आठवड्यांत ते पुन्हा फलाटावर दिसतं. आणि त्या वेळी ते आपलं खरं नाव सांगत नाही. पहिल्यांदा खरं सांगितल्यावर काय झालं ते त्यानं पाहिलेलं असतं. गोव्यात हे काम कसं चालतं, कुठं अडतं आणि का अडतं, ते इथं नीट लिहून ठेवत आहे.

गोव्याच्या रस्त्यांवर दिसणारी सगळी मुलं एका तऱ्हेची नसतात. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या कार्यपद्धतीत त्यांचे तीन गट केले आहेत: कुणाच्याही आधाराशिवाय एकटी राहणारी, कुटुंबासह रस्त्यावरच राहणारी, आणि दिवसभर रस्त्यावर काढून रात्री जवळच्या वस्तीत आईबापांकडे परतणारी. कळंगुट, बागा, कोलवा इथल्या किनाऱ्यांवर फुगे, माळा, खेळणी विकणारी मुलं बरीचशी दुसऱ्या-तिसऱ्या गटातली. त्यांची कुटुंबं ऑक्टोबरच्या सुमारास पर्यटनाच्या हंगामाबरोबर येतात आणि पावसाआधी गावी जातात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, शिगमो-कार्निव्हालच्या गर्दीत, डिसेंबरात जुन्या गोव्याच्या फेस्ताला हीच कुटुंबं दिसतात. अशा मुलाची आई वीस पावलांवर चादर अंथरून बसलेली असते. त्याला धाड घालून उचलायचं, गाडीत कोंबून संस्थेत न्यायचं आणि त्याला ‘सुटका’ म्हणायचं, हे चुकीचं आहे. मुलाला त्यातून एकच कळतं, की खाकी कपडे आणि पांढरी गाडी दिसली की पळायचं. मग खरोखर धोक्यात असलेलं मूलही त्याच्याबरोबर पळतं.

कुटुंबासह असलेल्या मुलासाठी काम वेगळं आहे. गोव्यात राहील तेवढे महिने ते जवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत जायला हवं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्मदाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसवावं लागतं. गावी परतताना शाळेनं दाखला हातात द्यायला हवा, म्हणजे तिकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत नाही. आजी-आजोबा गावात असतील तर मुलाला त्यांच्याकडे ठेवून शिकवता येतं का, वसतिगृह मिळतं का, हे हंगाम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात गावातच बोलायला हवं. डिसेंबरात किनाऱ्यावर बोलून उपयोग नसतो. तेव्हा घरातला प्रत्येक हात कमाईला लागलेला असतो.

एक गोष्ट मात्र तपासल्याशिवाय राहू नका. बरोबरची बाई खरंच आई आहे का? काही मुलं ‘काका’, ‘मामा’ म्हणवणाऱ्यांबरोबर हंगामापुरती आणली जातात. चार-पाच मुलं, सगळी साधारण एका वयाची, एकाच बाईबरोबर, आणि दिवसअखेर प्रत्येकाचे पैसे मोजून घेणारा तिसराच माणूस, असं दिसलं तर ते कुटुंब नव्हे. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. भीक मागवण्यासाठी मुलाचं अपहरण केलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ खाली किमान दहा वर्षांची सक्तमजुरी.

आता एकट्या मुलाकडे वळू.

सकाळच्या गाडीतून उतरलेलं आणि कुठं जायचं ते न कळून मडगाव स्थानकाच्या पाण्याच्या नळापाशी घुटमळणारं मूल दिसलं, तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावा. तो न लागला तर तातडीच्या मदतीचा ११२, आणि रेल्वेच्या आवारात रेल्वेचा १३९. फोनवर नेमकं सांगा: फलाट कोणता, कशाजवळ, अंदाजे वय, मुलगा की मुलगी, अंगावर काय आहे, एकटं आहे का, जखम किंवा ताप दिसतो का, कोणत्या भाषेत बोलतं. ‘स्टेशनवर एक मूल आहे’ एवढंच सांगितलं तर पथक येईपर्यंत मूल पुढच्या गाडीत बसलेलं असतं. तिथंच थांबा, पण त्याला घेरू नका. पाणी द्या, खायला द्या, ‘बाबू, नाव किदें तुजें?’ एवढं विचारलं तरी पुरे. ‘घरातून पळालास का?’ हा प्रश्न विचारलात की मूल तोंड मिटून घेतं. त्याला आपल्या गाडीत बसवू नका, घरी नेऊ नका. आणि फोटो, व्हिडिओ काढून गटागटांत पाठवू नका. अशा मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. शिवाय तो फोटो ज्याच्यापासून मूल पळालं त्याच्या फोनवर सगळ्यांत आधी पोचतो.

‘आपल्याला कशाला भानगड’ असं वाटत असेल तर कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. पालकांपासून दुरावलेलं मूल सापडल्यावर २४ तासांच्या आत कळवणं त्याच कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गोव्यात तर आपला स्वतःचा २००३ चा बाल अधिनियमही आहे. कुटुंबाबरोबर नोंद नसलेल्या मुलाला हॉटेल-लॉजच्या खोलीत प्रवेश देता येत नाही, आणि संशयास्पद रीतीनं मुलाला घेऊन प्रवास करणाऱ्याची माहिती कळवण्याची जबाबदारी विमानतळ, रेल्वे आणि वाहतूक पोलिसांवर आहे. गेस्ट हाऊस चालवणाऱ्यांनी हे कलम आपल्या रिसेप्शनवरच्या मुलांना वाचून दाखवावं. गोवा बाल अधिनियम वकिलांच्या कपाटात राहून उपयोगाचा नाही.

मूल सापडल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समितीची बैठक नसेल तेव्हा एकट्या सदस्यापुढेही मुलाला नेता येतं, रात्री आणि रविवारीही. ‘सोमवारी बघू’ म्हणून मुलाला चौकीच्या बाकावर बसवून ठेवायला कायद्यात जागा नाही. पोलीसच न्यायला हवेत असंही नाही. समाजकार्यकर्ता, डॉक्टर, परिचारिका, कुणीही जबाबदार नागरिक मुलाला समितीपुढे नेऊ शकतो, आणि मूल स्वतःही जाऊ शकतं. मुलाला हजर करताना फॉर्म १७ भरावा लागतो. त्यात वेळ, जागा, मूल कुणाबरोबर होतं आणि त्याच्याजवळ काय सापडलं हे सगळं लिहायचं असतं.

‘जवळ काय सापडलं’ हा रकाना जीव लावून भरा. पुष्कळदा तो ‘काही नाही’ लिहून सोडून देतात. मुलाला आंघोळ घालतात, नवे कपडे देतात आणि जुने मळके कपडे टाकून देतात. सगळ्यांत मोठा धागा तिथंच तुटतो. सदऱ्याच्या कॉलरला आत गावच्या शिंप्याच्या दुकानाची पट्टी असते. शाळेच्या गणवेशाच्या खिशावर बिल्ला असतो. खिशात एसटीचं अर्धं तिकीट, कागदावर अर्धवट खोडलेला फोन नंबर, गळ्यात एखाद्या देवस्थानाचा ताईत, हातावर गोंदलेलं नाव. कपडे धुण्याआधी उलटे करून बघा, फोटो काढून फाईलला लावा आणि पिशवीत बांधून ठेवा.

पत्ता शोधण्याच्या कामात घाई करणारा माणूस हरतो. मूल खोटं सांगतं हे गृहीत धरायचं, आणि त्यासाठी त्याच्यावर रागावायचं नाही. ‘आईबाप मेले’ हे नेहमी ऐकू येणारं वाक्य. त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की मला तिकडे पाठवू नका. ते खोटं पकडून दाखवण्यापेक्षा तिकडे जायची भीती का वाटते ते हळूहळू ऐकणं जास्त कामाचं.

मुलाला जिल्हा, तालुका माहीत नसतो. त्याला माहीत असतं ते वेगळंच, आणि ते विचारावं लागतं. गाडीतून येताना काय दिसलं? एकामागून एक बोगदे लागले, तर ते बहुधा कोकण रेल्वेनं उत्तरेकडून किंवा मंगळुरूकडून आलं. उंच धबधबा दिसला, गाडी घाटात हळू चालली, मागे इंजिन लावलं होतं, तर ते दूधसागरवरून कुळ्याकडे उतरलं, म्हणजे लोंढा, बेळगाव, हुबळी ही बाजू. गाडीत रात्री किती झाल्या, सकाळी उठल्यावर कोणते पदार्थ विकायला आले, मध्ये गाडी बदलली का? घरी काय खायचे? ज्वारीची रोट्टी म्हणालं तर उत्तर कर्नाटक, नाचणीचा मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, म्हणालं तर दक्षिणेकडचा भाग. आईला काय म्हणतोस? कन्नड बोलणारं मूल ‘अव्वा’ म्हणालं तर उत्तरेकडचं असण्याची शक्यता जास्त. ‘याडी’ म्हणालं तर लमाणी तांड्यावरचं, मग शोध गावांच्या यादीत करण्यापेक्षा तांड्यांच्या यादीत करायचा. आठवड्याचा बाजार कोणत्या वारी? जत्रा कुणाची, कोणत्या दिवसांत? शेतात काय पिकतं, नदी आहे का विहीर, लाल एसटी येते का? शाळेत मास्तरांचं नाव काय? मुलं गावाचं नाव विसरतात, पण बाई-मास्तरांचं नाव विसरत नाहीत.

कागद आणि रंगीत खडू द्या आणि घरापासून शाळेपर्यंतची वाट काढायला सांगा. तोंडी न सांगितलेलं देऊळ, पाण्याची टाकी, रेल्वेचं फाटक चित्रात येतं. हे एका बैठकीत होत नाही. तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो त्याच एका माणसानं बोलावं. दर वेळी नवा माणूस नवी वही घेऊन आला तर मूल दर वेळी नवी गोष्ट सांगतं.

दुभाष्याबद्दल काटेकोर राहा. वास्को भागातल्या कन्नड शाळेतले शिक्षक, त्याच भाषेच्या अंगणवाडीसेविका किंवा परिचारिका हे चांगले. ज्यानं मुलाला आणलं, ज्याच्याकडे ते काम करत होतं, किंवा ‘मी त्याच्याच गावचा’ म्हणत आपणहून पुढं आला, त्याला दुभाषी करू नका. तो मुलाचं बोलणं आपल्या सोयीनं फिरवतो आणि मूल त्याच्यापुढं गप्प होतं.

एकाच नावाची अनेक गावं हा सगळ्यांत मोठा खड्डा. दूर जायला नको. शिरोडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं फोंडा तालुक्यातलं गाव येतं, पण वेंगुर्ल्यातही शिरोडा आहेच. होसूर कर्नाटकात कितीतरी आहेत, तशी वडगावं, पिंपळगावं महाराष्ट्रात. म्हणून गावाबरोबर जवळचं मोठं बाजाराचं गाव, रेल्वे स्थानक आणि पंचायत लिहिल्याशिवाय पत्र पाठवू नका. गावाचं नाव तिथल्या लिपीतही लिहा. कन्नड नाव मराठी कानांनी ऐकून, मग रोमी लिपीत टंकून पाठवलं की तिकडच्या कचेरीत ते कुणालाच ओळखू येत नाही आणि पत्र महिनाभर पडून राहतं.

कागदपत्रांच्या बाजूनं दोन वाटा आहेत. पहिली हरवलेल्या मुलांच्या नोंदी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशापासून मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून नोंद ‘अपहरण’ या नावानं सापडते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या पोर्टलवर शोधताना नावावर विसंबू नका. वय, लिंग आणि हरवल्याची तारीख यांवरून चाळा, आणि तारखेच्या मागेपुढे दोन-तीन महिने घ्या. दुसरी वाट आधारची. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे दिलेल्या मुलाची आधार केंद्रात नव्यानं नोंदणी केली तर ती दुबार म्हणून अडते, आणि त्या अडण्यातूनच आधीच्या नोंदीचा माग लागतो. या वाटेनं घरी पोचलेली मुलं आहेत. मात्र ते बालकल्याण समितीच्या पत्रानंच करायचं. लहानपणी निळं आधार काढलेल्या आणि नंतर ठसे न दिलेल्या मुलाबाबत ते चालत नाही.

नशेची सवय असेल तर वेगळा वेळ ठेवा. व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन हुंगणारं मूल पहिल्या काही दिवसांत चिडतं, झोपत नाही, भिंतीवरून उडी मारून जातं. त्या अवस्थेत घेतलेला जबाब आणि त्या अवस्थेत केलेली घरपाठवणी, दोन्ही फुकट जातात. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा आणि मूल जेवायला-झोपायला लागेपर्यंत प्रवासाचं नाव काढू नका.

पत्ता लागला की गृहचौकशी. बालकल्याण समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते, तो १५ दिवसांत यायचा असतो, आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीनं अंतिम आदेश द्यायचा असतो. मूल परजिल्ह्यातलं असेल तर ही चौकशी तिकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून करून घ्यावी लागते. इथंच महिने जातात. नुसती ईमेल पाठवून थांबू नका. तिसऱ्या दिवशी फोन करा, तिकडच्या कोणत्या कार्यकर्त्याकडे काम दिलं ते नाव लिहून घ्या, आणि गावाची वाट, मोठ्या माणसाचा फोन, शाळेचं नाव त्यांना थेट पाठवा. फॉर्म २२ मध्ये अहवाल येतो. तो वाचताना ‘कुटुंब मुलाला घेण्यास तयार आहे’ या ओळीवर थांबू नका. जवळजवळ प्रत्येक कुटुंब तयारच असतं. बघायचं ते असं:

मूल गेल्यावर घरच्यांनी तक्रार दिली होती का? दिली नसेल तर का? कधी कारण गरिबी आणि चौकीची भीती असतं. कधी मात्र घरच्यांनीच मुकादमाकडून उचल घेऊन मूल पाठवलेलं असतं. उचल फिटलेली नसेल तर मूल घरी पोचल्यावर आठ दिवसांत मुकादम दारात उभा राहतो. अशा वेळी आधी वेठबिगार म्हणून मुक्ततेचा दाखला मिळवायचा. १९७६ च्या कायद्यानं ते कर्ज आपोआप रद्द ठरतं, आणि तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत मिळू शकते. हे न करता केलेली घरपाठवणी म्हणजे मुकादमाचं काम फुकटात करून देणं.

भावंडं शाळेत जातात का? घरात सावत्र बाप किंवा आई आहे का, आणि मुलाबद्दल कोण बोलतं? आईला एकटीला भेटून विचारलं का? शेजारी काय म्हणतात? मूल मारामुळे गेलं असेल तर मारणारा माणूस अजून त्याच छपराखाली आहे का? लैंगिक अत्याचार घरात झाला असेल तर तपास पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, होतो, आणि त्या घरात मूल परत जात नाही, कितीही गयावया केली तरी. मग मामा, मावशी, आजी यांच्यातलं कोण योग्य आहे ते बघायचं. कायद्यात ‘घरी परत’ याचा अर्थ आईबापांपुरता मर्यादित नाही. पालक, दत्तक किंवा पोषक कुटुंब, योग्य व्यक्ती हे सगळे त्यात येतात. आजीकडे सुखानं राहिलेलं मूल हे यशच आहे. संस्था हा शेवटचा पर्याय, हेही कायद्यातलंच तत्त्व. पण ते वापरून धोकादायक घराचं समर्थन करणारे लोक आहेत, म्हणून इतकं खुलासेवार लिहिलं.

आणि मुलाला विचारा. त्याचं म्हणणं नोंदवणं समितीचं काम आहे. ‘जायचं नाही’ म्हटलं तर कारण लिहा. कधी ते कारण ‘आता परीक्षा बुडाली, दादा हसेल’ इतकं छोटं असतं, आणि एका फोननं सुटतं. निघण्याआधी आईशी दोन-तीनदा फोनवर बोलणं करून द्या, शक्य असेल तर व्हिडिओवर. पहिल्या फोनवर दोघंही रडतात आणि काहीच बोलणं होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फोनवर खरं काय ते कळतं.

प्रवास. मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा राज्यातलं असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे त्याला तिकडच्या समितीकडे सोपवायचं असतं. सोबतीचा आदेश विशेष बाल पोलीस पथकाला जातो आणि त्यांनी १५ दिवसांत न्यायचं असतं. मुलगी असेल तर महिला पोलीस सोबत हवीच. गोव्यात विलंब इथं होतो, कारण हंगामात, नाताळात, निवडणुकीत पोलीस बंदोबस्तात अडकतात. आदेश निघाल्याच्या दिवशीच तारीख पक्की करून घ्या आणि प्रवासखर्च आधी मंजूर करा. तयार होऊन बसलेल्या मुलाला ‘पुढच्या आठवड्यात’ असं दोनदा सांगितलं की तिसऱ्या आठवड्यात ते भिंत ओलांडतं.

बरोबर घ्यायचं ते असं: आदेशाच्या प्रमाणित प्रती तीन, वैद्यकीय अहवाल, चालू औषधं पंधरा दिवसांची, शाळेत घातलं असेल तर तिथला दाखला, मुलाच्या नावावरचे पैसे आणि त्याच्या वस्तू, ती पिशवीतली जुनी कपड्यांची गाठोडीसुद्धा. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही. रात्रीचा प्रवास असेल तर पूर्ण तिकीट काढा. गाडी अशी निवडा की सोमवार ते गुरुवारपैकी एखाद्या दिवशी सकाळी पोचेल. शुक्रवारी संध्याकाळी पोचलं तर मुलाला दोन-तीन दिवस अनोळखी निवाऱ्यात काढावे लागतात, आणि तिथूनच मुलं पळतात. वाटेत मोठ्या स्थानकावर मुलाला एकटं सोडून चहाला उतरू नका.

मुलाला थेट फलाटावर नातेवाइकांच्या हाती देऊ नका, ते कितीही दुरून आले असले तरी. तिकडच्या समितीपुढंच ओळख पटवायची. रेशनकार्ड, आधार, जन्माची नोंद, शाळेचा दाखला हे असतंच, पण कागदावर सगळं भागवू नका. आईला आणि मुलाला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारा: अंगावर जुनी खूण कुठं, ती कशी झाली, घरात कोणती जनावरं, आजीला काय हाक मारतो. घरचा जुना फोटो मागा आणि त्यातली माणसं मुलाला ओळखायला सांगा. ‘चुलता’ आला आणि आईबाप ‘शेतात आहेत’, तर मूल त्या दिवशी द्यायचं नाही. फारच शंका असेल तर समिती डीएनए तपासणी सांगू शकते.

घरी पोचल्यावर पहिले पंधरा दिवस गोडाचे असतात. मग गल्लीतले टोमणे, शाळेत मागच्या बाकावर बसवणं, बापाचं पिणं, घरातलं कर्ज हे सगळं परत येतं. मुलगी असेल तर ‘आता हिचं लग्न उरकून टाकू’ अशी घाई होते. म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलीबाबत गावच्या बाल संरक्षण समितीला, अंगणवाडीसेविकेला आणि शाळेच्या बाईंना आधीच सांगून ठेवायचं.

पैशांचीही सोय लावा. मिशन वात्सल्यखाली प्रायोजकत्वात, म्हणजे मूल घरी राहून वाढावं म्हणून कुटुंबाला दिल्या जाणाऱ्या मदतीत, महिना ४,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावं. महाराष्ट्रात परतणाऱ्या मुलासाठी बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये आहेत. दोन्ही अर्ज मूल घरी पोचायच्या आधी तिकडच्या कक्षाकडे द्या. नंतर देऊ म्हटलं की मुलाचं बँक खातं नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, यात सहा महिने जातात, आणि तेवढ्यात मूल वीटभट्टीवर किंवा परत आपल्या किनाऱ्यावर असतं.

पाठपुरावा वैयक्तिक संगोपन आराखड्यात, म्हणजे फॉर्म ७ मध्ये, आधीच लिहिलेला असावा. पहिली भेट लवकर, मग दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. ‘फोन केला, मूल बरं आहे’ ही नोंद पाठपुरावा नव्हे. फोन बापाकडे असतो, आणि त्याच्या तोंडून मूल कायम बरंच असतं. भेटीला जाणाऱ्यानं शाळेत आधी जावं, हजेरीपुस्तक बघावं आणि मग घरी जावं. मुलाशी दहा मिनिटं एकट्याशी बोलावं: झोपतोस कुठं, कामाला पाठवतात का, मारतं का कुणी, गोव्यातला कुणी फोन करतो का? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण किनाऱ्यावरचा जुना मालक हंगाम जवळ आला की फोन करू लागतो. सप्टेंबरची भेट म्हणून महत्त्वाची, मग आराखड्यात ती तारीख पडत असो वा नसो. आणि निघताना १०९८ हा नंबर त्याच्याकडून तोंडपाठ म्हणवून घ्यावा. कर्नाटकात, महाराष्ट्रात, गोव्यात तो एकच आहे, आणि तो लावायला पैसे लागत नाहीत.